उटण्याच्या वासातली गाणी

(दिवाळीच्या तयारीसाठी अल मुंतझा, दोहा इथे जमलेल्या घरगुती बैठकीतलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सगळ्यात आधी, ज्यांच्या घरी आपण आज जमलो आहोत त्या वहिनींचे आणि भाऊंचे मनापासून आभार. अल मुंतझातल्या एका हॉलमध्ये चाळीसेक माणसं बसवायची म्हणजे सोफा बेडरूममध्ये, जेवणाचं टेबल बाल्कनीत आणि चपलांचा ढीग थेट लिफ्टपर्यंत! पण सतरंजीवर मांडी घालून, एकमेकांच्या गुडघ्याला गुडघे लावून बसलं की निम्मी दिवाळी तिथेच साजरी होते. उरलेली निम्मी आत्ता स्वयंपाकघरात तळली जाते आहे. तुमचं लक्ष कुठे आहे ते मला इथून स्पष्ट दिसतंय, त्यामुळे मी फार वेळ घेणार नाही.

मला विषय दिला होता, “आपले आवडते कलावंत आणि सणाचे साधे आनंद”. ऐकताना हे दोन वेगळे विषय वाटतात. एक साहित्य संमेलनात शोभणारा, दुसरा महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला. पण मी जसजशी विचार करत गेले तसतसं माझ्या लक्षात आलं की हे दोन्ही एकाच पाटावर बसलेले आहेत. कसे ते सांगते.

यंदाचं कॅलेंडर बघितलंत का? २०२६ सालची नरकचतुर्दशी ८ नोव्हेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजनही त्याच दिवशी संध्याकाळी. म्हणजे पहाटे अभ्यंगस्नान आणि तिन्हीसांजेला लक्ष्मी, दोन्ही एकाच दिवसात. आणि वार? रविवार! भारतातल्या नातेवाइकांना वाटतं, अरे वा, रविवारची दिवाळी, यांची तर चैनच. त्यांना काय सांगणार, की आपला रविवार म्हणजे त्यांचा सोमवार. शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी सकाळी आपण ऑफिसात हजर. ज्यांची रास लफानला किंवा मसईदला ड्यूटी आहे ते तर पहाटेच बसमध्ये बसलेले. दिवाळीची सरकारी सुट्टी इथे नाही, त्यामुळे अंगाला उटणं लावायचं ते घड्याळाकडे बघतच.

पण ८ नोव्हेंबर या तारखेला आणखी एक गंमत आहे. त्या दिवशी पुलंचा वाढदिवस असतो. पु. ल. देशपांडे, जन्म ८ नोव्हेंबर १९१९. यंदा त्यांचा वाढदिवस ऐन दिवाळीत आलाय. आता मला सांगा, पहाटे चारला उठून, डोळे चोळत, तेल लावून घेत, सातला ऑफिस गाठणाऱ्या मराठी माणसाची ही धांदल पुलंनी पाहिली असती तर त्यांनी आपल्यातल्या एकालाही सोडलं असतं का?

१९१९ हे साल मराठी माणसाने देवघरात लिहून ठेवावं असं आहे. त्याच वर्षी २५ जुलैला कोल्हापुरात सुधीर फडके जन्मले. १ ऑक्टोबरला सांगली जिल्ह्यातल्या शेटफळे गावी ग. दि. माडगूळकर जन्मले. आणि ८ नोव्हेंबरला मुंबईत पुलं. साडेतीन महिन्यांत तीन माणसं! २०१९ मध्ये तिघांची जन्मशताब्दी एकाच वर्षी साजरी झाली. एकाने शब्द दिले, एकाने सूर दिले आणि एकाने हसू दिलं. नुसत्या या तिघांच्या जोरावर मराठी घरातली एक दिवाळी आरामात साजरी होऊ शकते.

गदिमा आणि बाबूजी यांचं नाव घेतलं की गीतरामायण आलंच. आकाशवाणी पुणे केंद्रावरून १९५५ च्या रामनवमीला, म्हणजे १ एप्रिलला, पहिलं गीत लागलं. दर आठवड्याला एक नवं गीत. मुळात वर्षाची बावन्न गीतं ठरली होती, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं छप्पन्न झाली. शेवटचं गीत १९५६ च्या रामनवमीला लागलं. शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, आणि या सगळ्याची आखणी आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांची. बाबूजींबरोबर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, ललिता फडके असे किती तरी आवाज त्यात होते. गंमत म्हणजे बाबूजींचं मूळ नाव रामचंद्र. रामाचीच कथा रामाने गायली!

पहिल्या गीताची गोष्ट तुमच्यापैकी मोठ्यांना माहीत असेल, पण लहान मुलांसाठी सांगते. गदिमांनी गीत लिहून बाबूजींकडे दिलं होतं आणि तो कागदच हरवला. प्रसारणाची वेळ जवळ आलेली. गदिमांना पुन्हा लिहायला सांगितलं, तेव्हा ते चिडले, असं म्हणतात. मग लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून कडी घातली आणि गीत लिहून झाल्यावरच दार उघडलं. म्हणजे होमवर्कची वही हरवणं ही काही फक्त तुमचीच खासियत नाही, बरं का मुलांनो!

आता मोठ्यांनी जरा विचार करून बघावा. छप्पन्न गीतं ऐकायला लोकांना वर्षाहून जास्त काळ लागला. आज तीच छप्पन्न गीतं मोबाइलवर एका दिवसात ऐकून होतील. पण त्या वर्षी लोक आठवडाभर वाट बघत होते. रेडिओ प्रत्येक घरी नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओसरीवर गल्ली जमायची. रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक ऐकायला बसत, असं आमच्या आधीच्या पिढीने किती वेळा सांगितलंय. त्या गाण्याची गोडी शब्दांत आणि चालीत तर होतीच. थोडी गोडी त्या वाट बघण्यात होती, आणि थोडी शेजारी बसलेल्या माणसात.

इथे मला माझा मुद्दा सापडला. आपल्यापैकी किती जणांनी बाबूजी ‘अभ्यासले’ आहेत? कुणी आपल्याला बसवून सांगितलं का, की बाळ, हे थोर संगीतकार आहेत, आता नीट ऐक? नाही. आई पाठीला उटणं चोळत होती, डोळ्यांत तेल जात होतं, थंडीने दात वाजत होते आणि बाहेरच्या खोलीत रेडिओ चालू होता. गाणं असंच अंगात शिरलं, उटण्याबरोबर. नरकचतुर्दशीला पहाटे आकाशवाणीवर नरकासुराच्या वधाचं कीर्तन लागायचं, ते ऐकताना बुवांचं नाव आपल्याला ठाऊक नसायचं. पण ते कीर्तन, बंबातल्या पाण्याचा धुराचा वास, मोती साबणाची ती गोल वडी आणि पायाखाली फुटलेलं कारीट, हे सगळं मिळून एकच आठवण झाली. यातलं एक काढलं तर बाकीचं गळून पडतं.

कलावंत आपल्या घरात आले ते सणाच्या सवयींचा हात धरून. मला या विषयावर सांगायचं आहे ते एवढंच.

दिवाळी अंकांचंही तसंच. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळात एक पदार्थ वाढला. चिवडा, चकली, लाडू, करंजी आणि दिवाळी अंक! साहित्य म्हणजे काय हे कळायच्या आधी आपण त्या अंकांची चित्रं बघत होतो. दीनानाथ दलालांनी काढलेली मुखपृष्ठं आठवतात? त्यांनी १९४५ साली स्वतःचं ‘दीपावली’ मासिक सुरू केलं. त्यांच्या चित्रातल्या बायका इतक्या देखण्या की घरातले पुरुष अंक मन लावून वाचत, असं आमच्या आजीचं म्हणणं होतं. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये ‘आवाज’ काढला. त्याच्या खिडकीचित्रांची खिडकी मुलांनी उघडायची नाही असा घरोघरी दंडक होता, म्हणूनच ती सगळ्यात आधी मुलंच उघडायची! आणि शि. द. फडणीसांची हास्यचित्रं! ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावरची ती जोडी, एकाच्या कपड्यांवर मांजरं आणि एकाच्या कपड्यांवर उंदीर. चित्राखाली एक शब्द नाही. वाचता न येणारं पोरसुद्धा हसायचं आणि शेजारी बसलेले आजोबाही त्याच वेळी हसायचे. तीन पिढ्यांना एकदम हसवणारी गोष्ट आज मला शोधून दाखवा. आमच्या घरातल्या एका सोफ्यावर आज तीन माणसं तीन मोबाइलमधले तीन वेगवेगळे विनोद बघून आपापलं हसतात.

मी मोबाइलच्या नावाने खडे फोडायला उभी राहिलेली नाही. मी २००४ साली दोह्यात आले तेव्हा भारतात फोन करायचा तर कार्ड विकत घ्यावं लागायचं, आणि ‘फराळ केलास का’ एवढं विचारेपर्यंत मिनिटं संपायची. आज भाऊबीजेला भाऊ स्क्रीनवर समोर बसतो, ओवाळून घेतो आणि ओवाळणी कधी देणार ते मात्र सांगत नाही. तेव्हा सोय झाली आहे हे कबूल. गाणी, नाटकं, पुलंची कथाकथनं, सगळं एका बोटावर आलंय. पूर्वी सुट्टीवरून परतताना लोक कॅसेट आणायचे. तीस किलोच्या बॅगेत भाजणी, मेतकूट, घडी केलेला आकाशकंदील आणि कपड्यांच्या मध्ये गुंडाळलेले पुलं! त्या कॅसेट या घरातून त्या घरात फिरत, आणि परत येईपर्यंत ‘नारायण’ थोडा बोबडा झालेला असे. आता आणायला काहीच लागत नाही. पण कॅसेट ऐकायला चार घरची माणसं एकत्र बसत, तो बसण्याचा भाग आपोआप डाउनलोड होत नाही. तो आपल्यालाच करावा लागतो.

आता एक वेगळी गोष्ट बघू. आपण परदेशात आहोत, मुलांना इथे ‘आपलं’ वातावरण नाही, अशी हळहळ आपण नेहमी करतो. पण आपले हे कलावंत तरी कुठले होते? पंडित भीमसेन जोशी गदगचे, मातृभाषा कन्नड. अकराव्या वर्षी गाण्याच्या ओढीने घर सोडून निघालेलं हे पोर. खिशात पैसे नाहीत, गाडीला तिकीट नाही, गुरू शोधत उत्तर हिंदुस्थान पालथा घातला आणि शेवटी गुरू सापडले ते घराजवळच्या कुंदगोळला, सवाई गंधर्व. त्याच गुरूंच्या स्मरणार्थ त्यांनी १९५३ साली पुण्यात महोत्सव सुरू केला. घरी कन्नड बोलणाऱ्या या माणसाने आपले मराठी अभंग असे गायले की आज विठ्ठल म्हटलं की आधी त्यांचाच आवाज कानात येतो. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झालं, आणि २०११ च्या जानेवारीत ते गेले. लताबाईंचा जन्म इंदूरचा. दलाल गोव्यातले, मडगावचे. फडणीसांचं जन्मगाव भोज, बेळगाव जिल्ह्यातलं. पुलंनी काही वर्षं बेळगावला प्राध्यापकी केली. म्हणजे मराठी घराचा हा सगळा ऐवज पुण्याच्या सदाशिव पेठेतच तयार झाला, असं काही नाही. तो वाटेवर, सीमेवर, परगावीही तयार झाला. मग अल मुंतझातल्या मुलांनी निराश व्हायचं कारण काय?

एकाच गाण्यात या लोकांनी कसा मेळ साधला ते बघा. १९५३ साली ‘गुळाचा गणपती’ नावाचा चित्रपट आला. कथा, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका, सगळं पुलंचं. गाणी गदिमांची. त्यातला एक अभंग भीमसेनजी गायले. एरवी ऐकताना अनेकांना तो जुना संतांचा अभंगच वाटतो, पण तो गदिमांचा आहे. शब्द माणदेशच्या माणसाचे, चाल पार्ल्याच्या माणसाची आणि गळा गदगचा. आपल्याकडच्या बैठकीत शेवटी कोणी ना कोणी तो म्हणतंच. आजही म्हणतील, काका आधीपासून घसा खाकरताहेत!

आणि आता या दोह्यातला आपला माणूस. मकबूल फिदा हुसेन. किती जणांना माहीत आहे की ते पंढरपूरचे? १७ सप्टेंबर १९१५ ला पंढरपुरात जन्म. आई गेली तेव्हा ते तान्हे होते. आईचा चेहरा आपल्याला आठवतच नाही, असं ते म्हातारपणापर्यंत सांगत. बालपण इंदूरला गेलं. मग मुंबईत सिनेमाचे मोठाले फलक रंगवून पोट भरलं, आणि १९४७ साली तिथल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटात आले. पायांत चप्पल नाही, हातात लांबलचक कुंचला. त्यांच्या काही चित्रांवरून भारतात मोठे वाद झाले, खटले झाले. २००६ पासून ते देशाबाहेर राहिले. त्या चित्रांबद्दल इथे बसलेल्या सगळ्यांचं एक मत असणार नाही, आणि ते होण्याची गरजही नाही. २०१० साली त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ ला लंडनमध्ये ते गेले. शेखा मोझा यांच्यासाठी अरब संस्कृतीवर ते इथे मोठी चित्रमालिका करत होते. त्यांची शेवटची मोठी कलाकृती, ‘सीरू फी अल अर्द’, २०१९ साली एज्युकेशन सिटीत लोकांसाठी खुली झाली. त्यात मुरानोच्या काचेचे घोडे आहेत. २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीला तिथेच त्यांच्या नावाचं संग्रहालयही उघडलं, ‘लौह व कलम’.

मी हे का सांगते? आपल्यापैकी प्रत्येकाला इथून एक दिवस जायचं आहे. आपला मुक्काम नोकरीशी बांधलेला. नोकरी संपली की सामान कार्टनमध्ये, मुलं कॉलेजला कुठे कॅनडात, कुठे पुण्यात. इथल्या बैठकीत दर वर्षी दोन-तीन घरं कमी होतात आणि दोन-तीन नवी येतात. अल मुंतझातल्या या गल्लीत आपली पाटी कुठे उरणार नाही. पण पंढरपूरहून निघालेल्या एका मुलाचे घोडे इथे उभे आहेत. दिवाळीनंतर एखाद्या शनिवारी मुलांना मेट्रोने घेऊन जा. भाषण देऊ नका. एवढंच सांगा, की हे आजोबा आपल्या पंढरपूरचे होते. मग मुलं काय ते आपलं आपण बघतील.

आता मुलांबद्दल. आपण नेहमी काळजी करतो की यांना पुलं कळणार कसे, बाबूजी आवडणार कसे, किल्ला म्हणजे काय हे समजणार कसं. मला विचाराल तर आठवण ही मातीवर अवलंबून नसते. आपल्याला वाटतं की खरी दिवाळी तिकडे, आपल्या वाड्यात, आपल्या गल्लीत. आणि इथली म्हणजे तिची झेरॉक्स. पण या समोर बसलेल्या पोरांसाठी हीच खरी दिवाळी आहे. वीस वर्षांनी ती कुठेतरी थंडीत बसून म्हणतील, “आमच्या मुंतझाच्या घरी काय मजा यायची!” फ्लॅटच्या दारासमोर टाइलवर काढलेली रांगोळी, ती कौतुकाने बघत बाजूने पाय उचलून जाणारा बिल्डिंगचा हारिस, ‘हे गोड आहे की तिखट’ विचारत शंकरपाळी खाणाऱ्या समोरच्या इजिप्शियन मावशी, बाल्कनीतला कंदील आणि खाली सी रिंग रोडवरच्या गाड्यांचा आवाज. फटाके नाहीत, तेव्हा कान शाबूत! ही त्यांची आठवण आहे. प्रश्न एवढाच आहे, की त्या आठवणीत गाणं कोणतं असेल?

गेल्या दिवाळीत आमच्या बिल्डिंगमधल्या मुलांनी किल्ला केला. दगड-माती कुठून आणणार? एसीच्या आणि टीव्हीच्या रिकाम्या खोक्यांवर पोती टाकली, वाळू भिजवून लिंपली. मग प्रश्न आला हिरवळीचा. तिकडे आपण किल्ल्यावर अळीव पेरायचो, चार-पाच दिवसांत मऊ हिरवी लव यायची. इथे अळीव कुठे मिळणार? सूक वाकिफमधल्या मसाल्याच्या दुकानात विचारलं तर तो म्हणाला, “हब्ब रशाद!” पोतंभर होते त्याच्याकडे. बाळंतिणीच्या लाडवातले आपले अळीव आणि अरबांचं हब्ब रशाद एकच. मुलांना केवढा आनंद झाला! शुक्रवारी पेरले, पुढच्या बुधवारी तटबंदीवर हिरवळ. मावळे इकडच्या दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे पायथ्याला दोन स्पायडरमॅन पहाऱ्याला होते. महाराजांनी त्यांनाही सामावून घेतलं असतं!

आणि किल्ला बांधताना आम्ही ‘शिवकल्याण राजा’ लावून ठेवलं होतं. शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला, १९७४ साली आलेली ध्वनिमुद्रिका, लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. मुलांना कोणी ‘ऐका’ म्हटलं नाही. त्यांचे हात वाळूत होते. चौथ्या दिवशी एक सात वर्षांचा मावळा लिफ्टमध्ये त्यातलं एक गाणं गुणगुणत होता, शब्द निम्मे चुकलेले, चाल मात्र बिनचूक. लताबाई २०२२ च्या फेब्रुवारीत गेल्या. पण त्या दिवशी त्या मुंतझाच्या लिफ्टमध्ये होत्या, तिसऱ्या मजल्यापर्यंत तरी!

म्हणून यंदा आपण काही साध्या गोष्टी करू या. खर्च काही नाही.

पहिली गोष्ट, किल्ला. तो आदल्या शुक्रवारीच सुरू करायचा, म्हणजे अळीव वेळेवर उगवतील. बाबांनी स्वतः वाळूत हात घालायचे. नुसते फोटो काढायचे नाहीत.

दुसरी गोष्ट, रविवारची पहाट. ऑफिस आहे, मान्य. पण पहाटे साडेचार ते साडेपाच हा एक तास कोणाच्याही मॅनेजरचा नाही. त्या तासात घरात एकच स्पीकर लावायचा आणि कानातले इअरफोन काढून ठेवायचे. तेल लावताना, उटणं चोळताना गाणं चालू पाहिजे. कोणतं ते घरातल्या मोठ्यांनी ठरवावं, पण दर वर्षी तेच असू द्या. तेच तेच ऐकून कंटाळा येईल अशी भीती बाळगू नका. चकली दर वर्षी तीच असते, तिचा कंटाळा आल्याचं मी अजून ऐकलं नाही. डोंबिवलीच्या फडके रोडवर नवे कपडे घालून जमणारी तरुण मुलं आणि गावोगावच्या दिवाळी पहाटेच्या मैफिली आपल्याला इथे मिळणार नाहीत. आपली मैफल बाथरूमच्या दाराशी, ओल्या पावलांनी. तीही छान होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या मंडळात कुटुंबं येतात, पण दोह्यात कित्येक मराठी माणसं एकटी राहतात. कोणी कॅम्पमध्ये, कोणी चौघांत मिळून एका फ्लॅटमध्ये. बायको-मुलं नाशकात, साताऱ्यात, निपाणीत. त्यांची दिवाळी म्हणजे व्हिडिओ कॉलवर दुसऱ्याच्या हातातला लाडू बघणं. पुलं आणि सुनीताबाईंची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. स्वतःवर खर्च करताना दहादा विचार करणाऱ्या या जोडप्याने दुसऱ्यांसाठी हात सैल सोडला. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं ते त्यांच्या देणगीच्या आधाराने. आपल्याला तेवढं जमणार नाही. पण शेजारच्या एकट्या माणसाला रविवारी संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला बोलावणं जमेल की नाही? फराळाचा डबा पाठवू नका, घरी बोलवा. पाटावर बसवा. आग्रह करा. चार तासांनी तो परत जाईल तेव्हा त्याच्या खिशात घरचा वास असेल. आणि रात्री पुलंच्या वाढदिवसाचं निमित्त करून एखादी ‘वल्ली’ सगळ्यांनी मिळून ऐका. एकटा माणूस घरी कधीच मोठ्याने हसत नाही. हसायला शेजारी कोणीतरी लागतं.

कलावंतांना श्रद्धांजली म्हणून आपण फोटोला हार घालतो, दोन मिनिटं उभे राहतो. करावं, तेही करावं. पण भीमसेनजींचा आवाज एखाद्या मुलाच्या मनात कढत पाण्याच्या वाफेबरोबर कायमचा बसला, तर त्यापेक्षा मोठी आदरांजली मला तरी माहीत नाही. त्या मुलाला पुढे राग कळला नाही तरी चालेल. चाळिसाव्या वर्षी, कुठल्या तरी परक्या गावात, कोणीतरी ते गाणं लावलं आणि त्याला अचानक उटण्याचा वास आला, तर या बैठकीचं सार्थक झालं.

तेव्हा मंडळी, यंदा आठ तारखेला साडेचारचा गजर लावा. शेजारच्याला उठवा. पुलंना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या आणि त्यांच्या वाटणीचा एक लाडू बाजूला काढा. तो कोण खाणार ते मुलं ठरवतील.

चकल्या झाल्या वाटतं, वहिनी खूण करताहेत. तुम्हा सगळ्यांना, तुमच्या इथल्या आणि तिथल्या घरांना, ही दिवाळी सुखाची, आनंदाची आणि सुरेल जावो.

शुभ दीपावली!